ओके न म्हणणारे शेठ

आमचे शेठ कॉम्प्युटरला कधी ओके म्हणायचे नाहीत. स्क्रीनवर एरर आली आणि तिच्याखाली ‘ओके’ असं बटण आलं, की तुम्हीआम्ही ते न वाचता दाबतो आणि पुढच्या कामाला लागतो. शेठ मात्र कपाळावरचा चष्मा खाली घेत, खुर्चीतून उठत आणि ती एरर उभ्याने, मोठ्याने वाचत. इंग्रजी बेताचंच. एकेक शब्द सुटा करून वाचायचा आणि मग मला अर्थ विचारायचा. अर्थ कळला की म्हणायचे, “ह्यात ओके काय हाय? मला तर कायबी ओके वाटत न्हाई.” मग ती चौकट माउसने धरून कोपऱ्यात सरकवून ठेवायचे. प्रोग्रॅम अर्थातच तिथे अडकून बसायचा. शेठ तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा उघडून काम चालू करायचे. संध्याकाळपर्यंत उजव्या कोपऱ्यात अशा पाच-सहा चौकटी दाटीवाटीने उभ्या असायच्या आणि मशीन घरघरत असायचं.

मी नवीन असताना एकदा ते जेवायला गेले तेव्हा त्या सगळ्या चौकटी पटापट बंद करून टाकल्या. परत आले, कोपरा बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू माझ्या नावानं हो म्हणून आलीस, मला विचारलं का? मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

दुकान जुन्नरच्या पेठेत, त्यांच्या भावांच्या कापडाच्या दुकानाला चिकटून. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला प्रिंटर, मधे दोन माणसं बसली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा असं काय काय टाइप करून द्यायचं. बारावी झाल्यावर मी निमगाव सावाहून एसटीने यायला लागले ती पंधरा वर्षं येत राहिले. घराणं मूळ राजस्थानातलं, जैन, पण जुन्नरात चार पिढ्या गेलेल्या. भाऊ घरात मारवाडी बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी स्वच्छ मराठी. शेठचं मराठी मात्र आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षा गावठी. घरी सोयरीक बघायला पाहुणे आले की वहिनी शेठना मागच्या खोलीत बसवायच्या, कारण ते तोंड उघडलं की ‘लई’ आणि ‘व्हतं’शिवाय बोलायचे नाहीत. शेठना याचं काही वाटायचं नाही. ते मागच्या खोलीत बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायचे.

लग्न केलं नव्हतं. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून दुकान पाचलाच बंद. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली कायम खांद्याला. चप्पल दुकानाच्या बाहेर, गिऱ्हाइकाचीही, मग तो सरपंच का असेना. एक आमदारकीच्या तयारीतला माणूस बूट काढायला तयार नव्हता, तर शेठनी त्याचं अख्खं निवेदन दारात उभं राहून ऐकलं, आत येऊन टाइप केलं आणि प्रूफ त्याला दारातच वाचून दाखवलं.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. गिऱ्हाईक जे लिहून देईल, जसं लिहून देईल, तसंच टाइप करायचं. ‘श्री गिरिजात्मज प्रसन्न’पासून खालच्या ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत काना-मात्रा बदलायची नाही. आपण टायपिंगवालं, लिहिणारं येगळं, असं म्हणायचे. एकदा येणेऱ्याकडचा एक माणूस वडिलांच्या दशक्रियेचं पत्रक घेऊन आला. वहीच्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘आमचे वडील लई कष्टाळू व्हते.’ मी आपलं त्याचं ‘अत्यंत कष्टाळू होते’ करून ठेवलं. चांगलंच केलं असं मला वाटत होतं. शेठनी प्रूफ बघितलं, वहीचं पान बघितलं.

“बाप कुणाचा गेलाय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, त्यांचा.

“मग तू कशाला मधी बोलतीस?”

पत्रक ‘लई’ आणि ‘व्हते’सकट छापून गेलं. चार दिवसांनी एका शाळेचे मुख्याध्यापक ते पत्रक लाल पेनाने रेघा मारून घेऊन आले. तुमच्यासारख्या लोकांनी भाषेचं वाटोळं केलं, असं बरंच काही बोलले. शेठनी त्यांना पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, गुरुजी, वाचून कळलं ना कोण गेलं ते? कळलं असेल तर दहाव्याला जाऊन या.

मी तेव्हा मुख्याध्यापकांच्या बाजूची होते, हे लपवून उपयोग नाही. पाचवीत असताना मी फळ्यावर ‘काल पाऊस व्हता’ असं लिहिलं होतं. सगळा वर्ग तसंच बोलायचा, पण सापडले मी. बाईंनी ते वाक्य तसंच ठेवून पुढच्या वर्गातल्या मुलांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून माझ्या तोंडात ‘होतं’ बसलं ते इतकं घट्ट की आई फोनवर ‘न्हाई’ म्हणाली तरी मला चारचौघांत कानकोंडं व्हायचं. शेठच्या हे लगेच लक्षात आलं होतं. बँकेतून फोन आला की माझा आवाज बदलायचा. मी फोन ठेवला की ते मान न वळवता विचारायचे, आता कोण बोललं राव, निमगाव का पुणं?

त्यांनी हा हट्ट कुठून आणला हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वडील त्यांना हिरड्याच्या खरेदीला डोंगरात न्यायचे. आंबेगावच्या पश्चिमेला, आता डिंभ्याचं धरण आहे त्याच्याही वरच्या अंगाला. तिथली भात-नाचणी करणारी माणसं जंगलातला हिरडा वेचून, वाळवून व्यापाऱ्याला आणून घालायची. शेठचं काम एवढंच की काट्यावर लक्ष ठेवायचं. पण हिरडा घेऊन आलेल्या बाया बोलायला लागल्या की ह्यांचं काट्यावरचं लक्ष उडायचं. दोन हंगाम बघून वडिलांनी घरी सांगून टाकलं की हे पोरगं धंद्याच्या कामाचं नाही, ते माणसं काय बोलतात ते ऐकत बसतं.

त्या बायांतली एक कहाण्या सांगायची. शेठ मोठे झाले, दुकान टाकलं, तरी महिन्यातून दोनदा एसटीने तिच्या गावाला जायला लागले. टेपरेकॉर्डर, दोन कॅसेट, स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. म्हातारी त्यांना ‘वाण्या’ म्हणायची. तिने त्यांच्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवलं होतं. बाटलीतलं पाणी संपलं की शेठ त्यात स्वतः पाणी उकळून घ्यायचे. ती सांगायला लागली आणि ह्यांनी नुसतीच मान डोलावली तर ती थांबायची. “वाण्या, समाजलं नसंल तर हूं म्हणू नगं.” हे तिचं वाक्य शेठ मला तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. मला वाटतं, कॉम्प्युटरला ओके न म्हणण्याची खोड तिथली असावी.

परत आले की सकाळी दुकान उघडायच्या आधी कॅसेट लावून दोन बोटांनी टाइप करत बसायचे. ती खोकली तिथे ‘खोकली’ लिहायचे. एक कहाणी झाली की तीनदा ताडून बघायची आणि मग त्याच कॅसेटवर पुढची भरायची. लिहून झाल्यावर टेप कशाला, असं त्यांचं म्हणणं. अशा एक्केचाळीस कहाण्या झाल्या आणि म्हातारी गेली. मी दुकानात लागले ते त्याच्या पुढच्या वर्षी. पंधरा वर्षांत त्यांनी ती फाईल मला एकदाही हाताळू दिली नाही. छापा ना शेठ, पुस्तक करा, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, एकोणिसाव्या कहाणीतला एक शब्द अजून समजला नाही, समजल्याबिगर कसं छापू? कागदावर एक पानसुद्धा कधी काढलं नाही.

मग मला मंचरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी दुकान सोडलं. शेठनी निरोपाचं काही बोलणं केलं नाही. फक्त म्हणाले, तिथं सगळं पुणंच बोलावं लागंल तुला.

म्हातारीची नात आली तेव्हा योगायोगाने मी दुकानात होते, घरच्या कुणाच्या पत्रिकेसाठी गेले होते. ती त्याच गावातली, तिथेच अंगणवाडीत काम करणारी. आईबाप कामाला बाहेरगावी, म्हणून पाच वर्षांची होईपर्यंत तिला आजीनेच वाढवलं होतं. आजी गेली तशी ती आश्रमशाळेत गेली. दारात उभी राहून, चपला काढून, अंग चोरून बोलत होती. आजीचा चेहरा तिला मतदानाच्या कार्डावरच्या फोटोमुळे आठवत होता.

“पण आजी बोलायची कशी, ते माझ्याकडून गेलं बघा,” ती म्हणाली. “लई आठवून बघितलं. येतच न्हाई. जुन्नरच्या वाण्यानं टेप केलं व्हतं असं गावात म्हणतात.”

टेप नाही हे शेठनी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. शेठ उभे राहिले. एरर वाचायला उभे राहायचे तसेच. “बोलणं हाय माज्याकडं,” ते म्हणाले. “जसंच्या तसं. ती कुठं थांबली तेबी हाय. वाचशील तर आजी समोर बसल्यागत वाटंल. दिवाळीपातूर हातात देतो.”

पंधरा वर्षं मी सांगून जे झालं नाही, ते तिने दोन मिनिटांत करून घेतलं. त्यानंतर महिनाभरात सकाळी सकाळी शेठचा फोन आला आणि ते एवढंच म्हणाले, “जुनं गेलं.” मी हादरले. घरातलं कोण गेलं, कसं विचारावं ते कळेना. मग ते म्हणाले, चालूच होत न्हाई, नुसता वास येतोय, तेव्हा मला कळलं.

मंचरच्या एका रिपेअरवाल्याकडे मशीन नेलं. त्याने हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला लावली, ती दहा मिनिटं फिरली, तेवढ्यात त्याने कहाण्यांची फाईल आणि टायपिंगचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर ओढून घेतला. मग डिस्कमधून टकटक असा आवाज आला आणि ती बंद पडली. पुढे पुण्यालाही पाठवून बघितली. त्यांनी सांगितलं, आतून घासली गेलीय, आशा सोडा. तर आता जगात ती फाईल त्या एका पेनड्राइव्हवर होती.

शेठनी नवं मशीन घेतलं, त्यावर नवी विंडो मारली आणि जुना प्रोग्रॅम चालू करायला घेतला. मी शनिवार-रविवार जुन्नरला जायला लागले. पहिल्याच क्लिकला चौकट आली : हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही, प्रोग्रॅम बनवणाऱ्याशी संपर्क साधा. शेठनी ती उभ्याने वाचली आणि म्हणाले, सांगणारं कोण हे? काल तर चालत व्हता. त्या कंपनीचा जुना नंबर लावला तर तो भलत्याच ठिकाणी लागला.

जुन्या प्रोग्रॅमला फसवायची एक सोय नव्या सिस्टीममध्ये असते. राइट क्लिक करून त्याला सांगायचं की तू अजून जुन्याच विंडोवर आहेस, मग कधी कधी तो चालतो. मी ते सांगितल्यावर शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, म्हणजे खोटं सांगायचं त्याला? मी म्हणाले, शेठ, तो प्रोग्रॅम आहे. ते म्हणाले, खोटं ते खोटंच. शेवटी तू काय करायचं ते कर म्हणून बाहेर जाऊन गल्लीत उभे राहिले आणि मी एकेक जुनी विंडो निवडून बघत बसले. तिसऱ्या वेळेला प्रोग्रॅमचं पहिलं चित्र उमटलं. मी ओरडून शेठना बोलावलं. ते चप्पल घालूनच आत आले, एवढं एकदाच. चित्र गेलं आणि चौकट आली : लॉक सापडत नाही.

हे लॉक म्हणजे प्रोग्रॅमबरोबर मिळालेला काडेपेटीएवढा तुकडा. तो मशीनच्या मागे, प्रिंटरची वायर लागते त्या जागेत खोचलेला असला तरच प्रोग्रॅम उघडायचा. नव्या मशीनला ती जागाच नव्हती. जोडणी करणारी वायर आणली, तीवर लॉक लावलं, दिवा लागला नाही. मशीनच्या आत दुसरं जुनं मशीन असल्यासारखं चालवता येतं, तेही केलं. आतली जुनी विंडो छान उघडली, पण तिला बाहेरचं लॉक दिसेना. नारायणगावात भंगारवाल्याकडे एक जुनं मशीन मिळालं, ते चालू होऊन अर्ध्या तासात धूर सोडून मेलं. दिवाळी जवळ येत होती. नात दर आठवड्याला फोन करायची, घाई नाही म्हणायची, नुसतं विचारायची. शेठचं जेवण कमी झालं होतं. दिवसभर त्या एरर वाचत बसायचे. नव्या स्क्रीनवर कोपरा मोठा असल्यामुळे तिथे नऊ चौकटी मावल्या होत्या.

एका रविवारी त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. “माज्याच्यानं न्हाई व्हायचं,” म्हणाले. “तू बघ. एकच हाय, जपून.”

पुढे जे झालं ते सगळं मी केलं. दुसऱ्या कुणाचा त्यात हात नाही. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाल्याचं मला पुण्यातून कळलं, ती मी ऑफिसच्या मशीनवर घातली. म्हातारीची फाईल उघडली. म्हणजे खरंच उघडली, मराठी अक्षरं दिसायला लागली, मला खुर्चीवर बसवेना. तेवढ्यात एक चौकट आली. ही फाईल जुन्या स्वरूपात आहे, नव्या स्वरूपात साठवायची का, असं काहीतरी. काहीतरी, कारण मी ती नीट वाचलीच नाही. पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला होता, फाईल त्याच्यावरूनच उघडलेली होती, आणि मी ‘हो’ दाबलं. कॉलेजातल्या प्रत्येकाला आधी कॉपी करून ठेवा म्हणून बजावणारी मी.

जुनी फाईल तिथेच पुसली गेली. नवीमध्ये बाकी बरंचसं ठीक होतं. रफार इकडचे तिकडे झाले होते, ते लावता येत होते. पण ज्या ज्या जोडाक्षरात अर्ध्या अक्षराला ‘ह’ जोडलेला होता, तिथे नुसता रिकामा चौकोन आला होता. व्ह, न्ह, म्ह, सगळ्यांच्या जागी एकसारखा चौकोन. पानापानावर शेकड्यांनी.

मी तीन आठवडे रोज ऑफिस सुटल्यावर तासभर बसले. चौकोनानंतर ‘तं’ असेल तिथे काय असणार हे मला कळत नव्हतं असं नाही. माझी आई तसंच बोलते. पण बोट जाईना. पत्रिका निराळी, पुस्तक निराळं, पुस्तकात असं बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि त्याच फाईलमध्ये, कॉपी न ठेवता, ‘सगळीकडे बदला’वर क्लिक करून ‘होतं’ केलं. मग ‘नाही’. एकदा हात सैल सुटला तो सुटलाच. ‘लई’चं ‘फार’ झालं, ‘आमी’चं ‘आम्ही’, ‘आय’ची ‘आई’. शेवटी कुठे एक चौकोन राहिला नाही. मी दीडशे पानं छापून घेतली, स्पायरल घातलं, वर जाड प्लॅस्टिक लावलं आणि पेढे घेऊन जुन्नरला गेले.

शेठनी ते दोन्ही हातांत धरलं. जमिनीवर बसले आणि वाचायला लागले. पहिलं पान वाचून झालं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. मग भराभर पानं उलटून मधली एक कहाणी काढली आणि माझ्यापुढे धरली. वाच म्हणाले.

कहाणी वाघाची होती. आई हिरडा वेचायला गेलेली, झोपडीत पोर एकटी. आईने सांगितलेलं की कुणी आलं तरी दार उघडू नको. वाघ माणसाची भाषा शिकून येतो. कुठे शिकतो, तर जंगलखात्याच्या बंगल्यामागे बसून साहेबांचं बोलणं ऐकून. येतो आणि आईचा आवाज काढून म्हणतो, दार उघड, आत कोणी नाही ना? पोर आतून एकच वाक्य बोलते आणि दार उघडत नाही. मी वाचलं, “माझी आई नाही म्हणत नाही.”

हे वाक्य मला दुरुस्त करतानाच आवडलं होतं. पोर किती गोड बोलते, माझी आई कशालाच नाही म्हणत नाही. मी शेठना तसं म्हणालेसुद्धा.

“म्हातारी काय म्हणली व्हती, सांगू?” शेठ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माजी आय नाही म्हणत न्हाई.”

मला कळायला थोडा वेळ लागला. वाघ साहेबाची भाषा बोलला म्हणून पकडला गेला होता. त्या डोंगरात कुठल्याच घरची आई ‘नाही’ म्हणत नव्हती, ‘न्हाई’ म्हणत होती. ‘नाही’ला अवतरणचिन्हं टाकली असती तर निदान शंका तरी आली असती, पण म्हातारी चिन्हं बोलत नव्हती म्हणून शेठनी ती टाकली नव्हती. तिच्या सगळ्याच कहाण्या तशा होत्या, हे त्यांनी मग एकेक पान उलटत सांगितलं. तिची माणसं, भुतं, पाखरं ‘व्हतं’ म्हणायची. तलाठी, साहेब, वाघ आणि एक खोटा देव ‘होतं’ म्हणायचे. ती कुणाला काही म्हणायची नाही, वाईट-चांगलं सांगायची नाही. नुसती त्यांच्या तोंडात तो शब्द ठेवायची.

“आता ह्या पोरीनं दार का न्हाई उघडलं?” शेठनी विचारलं. मला विचारलं असं वाटलं नाही.

मी म्हणाले, आपण परत करू, उलटं बदलू. ते म्हणाले, कुठलं ‘होतं’ तिचं आणि कुठलं तू घातलेलं, तुला वळखू येतं का? मला येत नव्हतं. त्यांना तरी आठवत असेल म्हणून त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. वाघाची कहाणी जुळली. दुसरीत चार ठिकाणी पेन अडलं. तिसरीत ते एका ‘होतं’वर दोन दिवस बसून होते. इथं ती हसली व्हती का खोकली व्हती, तेच आठवंना, म्हणाले. अंदाजाने लिहायला तयार होईनात. अंदाजानं लिवलं तर ते माजं बोलणं झालं, तिचं न्हाई. मग पेन ठेवलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. आता दुकान बंद आहे. भावांनी त्या जागेत ब्लाउजपीस ठेवलेत. शेठ मागच्या खोलीत असतात.

पण त्याआधी आम्ही दोघं नातीकडे जाऊन आलो. दिवाळी उलटून गेली होती. फोनवर सांगायचं नाही, तोंडावर सांगायचं की तुझ्या आजीचं बोलणं माझ्याकडून हरवलं, असं शेठनी ठरवलं होतं. घोडेगाववरून एसटीने डिंभ्याच्या पुढे गेलो, तिथून चालत. वाटेत ते काय बोलायचं ते पुटपुटत होते. स्पायरलची वही माझ्या पिशवीत होती, का घेतली होती कुणास ठाऊक.

नातीने अंगणात घोंगडी टाकली होती. शेठचं खाणंपिणं तिने गावात विचारून ठेवलं होतं, चूल पेटवून कोऱ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं. फार खूश होती. भरभरून बोलत होती. ह्याच अंगणात आजी बसायची, हितं आंब्याचं झाड व्हतं, ते पडलं, तवा मी लई रडले व्हते, असं सगळं. शेठनी दोनदा बोलायला तोंड उघडलं. दुसऱ्यांदा “पोरी, तुला एक सांगायचं व्हतं,” एवढं म्हणाले, तेवढ्यात तिला माझ्या पिशवीतून डोकावणारं प्लॅस्टिक दिसलं. “हेच का?” तिने विचारलं आणि वही ओढून घेतली.

तिने पदराला हात पुसले आणि मोठ्याने वाचायला लागली. शाळेत उभं राहून वाचतात तसं, प्रत्येक शब्द नीट. एक पान, दोन पानं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती हसतही होती. मी शेठकडे बघितलं नाही. कहाणी संपल्यावर तिने वही मांडीवर मिटली आणि त्यावर हात ठेवून बसली.

“मला वाटलं व्हतं, आजी आमच्यासारखीच अडाणी बोलत असंल,” ती म्हणाली. “आश्रमशाळेत आमाला लई हसायचे. शेठ, खरं सांगा. आजी एवढं शुद्ध बोलायची?”

पातेल्यातलं पाणी उकळून झाकण वाजत होतं. शेठनी मान डोलावली.

“हां,” ते म्हणाले. “शुद्धच बोलायची.”

तिने वही कपाळाला लावली. आत जाऊन ठेवून आली, आम्हाला पाणी दिलं, भाकरी वाढली, परत यायचं वचन घेतलं. एसटीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि वाटभर आजीच्या आठवणी सांगत राहिली. त्या सगळ्या वेळात ती एकदाही ‘व्हतं’ म्हणाली नाही.